मानवी भूगोल कुठून सुरू करावा? साताऱ्याच्या नकाशावरची एक आडवी रेघ

सातारा जिल्ह्याच्या नकाशावर पट्टी ठेवा आणि महाबळेश्वरपासून दहिवडीपर्यंत सरळ रेघ मारा. अंतर भरेल शंभर किलोमीटरच्या आसपास. रेघेच्या पश्चिम टोकाला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. पूर्व टोकाला, माण तालुक्यात, तो पाचशेच्या आगेमागे असतो आणि कित्येक वर्षी तेवढाही होत नाही. जिल्हाधिकारी एक, जिल्हा परिषद एक, बोलायची भाषा मराठीच. तरी या रेघेवर चालत गेलं तर ताटातली भाकरी बदलते, छपराचा उतार बदलतो, गोठ्यातलं जनावर बदलतं, पोटासाठी बाहेर पडणाऱ्याचा धंदासुद्धा बदलतो. हे का बदलतं, आणि पाऊस एवढा बदलूनही काही गोष्टी का बदलत नाहीत, याचा शोध म्हणजे मानवी भूगोल.

हा विषय अकरावीच्या पुस्तकात किंवा स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये भेटला, तर लोकसंख्येची घनता, वस्त्यांचे प्रकार, स्थलांतराची कारणं अशा सुट्या कप्प्यांत भेटतो. कप्पे पाठ होतात, पण त्यांचे एकमेकांशी धागे दिसत नाहीत. म्हणून इथे उलट वाटेने जाऊ. एक खरा प्रदेश घेऊ आणि एकेका पायरीने तो वाचत जाऊ. उदाहरण साताऱ्याचं आहे. पद्धत तुम्ही तुमच्या तालुक्याला लावायची आहे.

पहिली पायरी : गाव निवडू नका, रेघ निवडा

नवखा माणूस बहुतेकदा स्वतःच्या गावापासून सुरुवात करतो आणि अडकतो, कारण आपल्या गावातलं सगळं आपल्याला साहजिक वाटतं. भाकरी बाजरीचीच का, हा प्रश्न बाजरी खाणाऱ्याला पडत नाही. तो पडायला नाचणीची भाकरी खाणारं गाव शेजारी ठेवावं लागतं. म्हणून किमान तीन ठिकाणं घ्या आणि ती अशी घ्या की त्यांच्यामध्ये एक मोठी गोष्ट क्रमाने बदलत जाईल: पाऊस, उंची, समुद्रापासूनचं किंवा मोठ्या शहरापासूनचं अंतर.

पुणे जिल्ह्यात मुळशी ते इंदापूर, नाशकात इगतपुरी ते येवला, कोल्हापुरातून गगनबावडा ते थेट सांगलीतलं जत, गोव्यात किनारपट्टी ते सत्तरी अशा रेघा उत्तम आहेत. विदर्भात धानाचा पूर्व भाग आणि कापसाचा पश्चिम भाग जोडणारी रेघ घेता येईल. साताऱ्याच्या रेघेवर आपण तीन थांबे घेऊ: डोंगरातला महाबळेश्वर-जावळी-पाटणचा पट्टा, कृष्णाकाठचा वाई-कराडचा पट्टा आणि खटाव-माणचा दुष्काळी पट्टा. चौथा थांबा, फलटण, मुद्दाम मागे ठेवला आहे.

दुसरी पायरी : बाहेर पडण्याआधी कागद पाहा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, जिथे दाट तिथे चढ तीव्र. घरं बहुधा लाल रंगात, पाणी निळं, शेती पिवळी, जंगल हिरवं. पहिल्या दिवशी एवढंच करा: फक्त लाल ठिपक्यांकडे पाहा. जावळी-पाटणच्या बाजूला ते उतारांवर विखुरलेले दिसतील, आणि पूर्वेला ओढ्या-नद्यांजवळ घट्ट पुंजके दिसतील. का, ते पुढे येईलच.

मग २०११ च्या जनगणनेची गावनिहाय माहिती पाहा: लोकसंख्या, स्त्री-पुरुष प्रमाण, किती जण शेतकरी, किती शेतमजूर. ज्या गावात कामाच्या वयातले पुरुष कमी दिसतात, तिथून लोक बाहेर गेले आहेत असा संशय घ्या आणि तो नोंदवून ठेवा. तिसरा कागद म्हणजे जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. साताऱ्याचं जुनं इंग्रजी गॅझेटिअर १८८५ चं आहे. त्यातले बाजार, रस्ते, पिकं, दुष्काळ यांचे तपशील फार मोलाचे आहेत. जातीजमातींच्या स्वभावाबद्दल त्यात जे शेरे आहेत ते मात्र साहेबी राजवटीच्या चष्म्यातून मारलेले आहेत. ते माहिती म्हणून उचलू नका.

तिसरी पायरी : पाऊस, माती आणि भाकरी एका ओळीत मांडा

वहीत तीन थांब्यांच्या तीन ओळी आणि चार रकाने करा, आणि प्रत्येक थांब्यावर चार गोष्टी विचारा: पाऊस किती, माती कसली, मुख्य पीक कोणतं, रोजचं जेवण काय.

डोंगरात जांभा खडक आणि तांबडी माती आहे. पाऊस इतका, की मातीतली पोषक द्रव्यं धुऊन जातात. खाचरात भात आणि उतारावर नाचणी-वरी हे तिथलं जुनं पीक. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात काळी कसदार जमीन आहे. तिथे ज्वारी, हळद, ऊस, आता सोयाबीन. पूर्वेला मुरमाड, उथळ जमीन, आणि तिथे बाजरी, मटकी, हुलगा. हुलग्याचं माडगं हा माणदेशाचा पदार्थ आहे. कमी पाण्यावर आणि हलक्या जमिनीवर येणाऱ्या कडधान्याचं ते पोटभरीचं रूप आहे.

जनावरांचा रकाना इथेच जोडा, कारण तो सगळ्यात बोलका आहे. पश्चिमेच्या डोंगरात गवळी धनगर म्हशी पाळतात, पूर्वेचे धनगर मेंढ्या पाळतात. मुसळधार पावसात आणि चिखलात मेंढीचे खूर सडतात, ती रोगाला बळी पडते. म्हशीला तोच ओलावा मानवतो. माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी धनगरांच्या वेगवेगळ्या गटांचा अभ्यास करून पावसाचं मान आणि पाळलेलं जनावर यांची ही सांगड दाखवून दिली. मेंढपाळांचं वर्षसुद्धा पावसाच्या नकाशावरच चालतं. दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे कुटुंबांचे आणि मेंढरांचे फिरते तळ, पश्चिमेकडे सरकतात, काही घाट उतरून कोकणात जातात, कापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवतात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पाऊस जवळ आला की वाडे पुन्हा पूर्वेला माळांकडे वळतात. एका समाजाचा वर्षभराचा प्रवास कागदावर काढून पाहा. पुस्तकातली ‘ऋतुप्रवासी पशुपालन’ ही व्याख्या मग पाठ करावी लागत नाही.

चौथी पायरी : घर पाहा, पण जुनं पाहा

नव्या स्लॅबच्या घरांवरून काही कळत नाही. ती महाबळेश्वरलाही तशीच आणि माणमधल्या म्हसवडलाही तशीच. पन्नास वर्षांहून जुनी घरं शोधा. डोंगरात छप्पर तीव्र उताराचं, पूर्वी गवताचं आणि नंतर कौलांचं. पावसाच्या माऱ्याकडच्या भिंतीला गवताचा आडोसा. पूर्वेला माळवद: लाकडी तुळयांवर दाबलेली माती, सपाट छत, त्यावर धान्य वाळतं आणि उन्हाळ्यात माणसं झोपतात. जाड मातीच्या भिंती उन्हाची धग आत येऊ देत नाहीत. कृष्णाकाठी दगडी घाट आणि वाडे दिसतात. ते फक्त हवामानाचं फळ नव्हे. वाईचे घाट आणि मंदिरं पेशवाईतल्या पैशाने आणि आश्रयाने उभी राहिली. तिथे खडकाइतकाच सत्तेचा हात आहे.

आता गावाचा आराखडा. डोंगरात झरे ठिकठिकाणी आहेत पण सपाट जागा तुकड्या-तुकड्यांत, म्हणून वाड्या विखुरलेल्या. पूर्वेला पाणी मोजक्या जागी, म्हणून गाव पाण्याभोवती एकत्र. जुने लोक शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. या पांढरीच्या आत कोण राहत होतं आणि बाहेर कोण, हे विचारल्याशिवाय तुमचा नकाशा पुरा होत नाही. पाणवठे किती होते आणि कोणता कोणासाठी होता, हेही विचारा. नवखे अभ्यासक अवघड वाटतं म्हणून हा प्रश्न टाळतात, आणि त्यामुळे त्यांचा अभ्यास खोटा पडतो.

या रेघेवरच त्याचं एक उदाहरण घडलं आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं बालपण साताऱ्यात गेलं. १९०१ च्या सुमारास वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामाच्या तलावावर खजिनदार होते. त्यांना भेटायला भीमराव आणि सोबतची मुलं आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर गाडीवान त्यांना न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन आणि गाडी स्वतः हाकायच्या अटीवर पुढचा प्रवास झाला, आणि वाटेत प्यायला पाणीही मिळालं नाही. त्यांनीच हे पुढे लिहून ठेवलं आहे. नकाशावर मसूरपासूनचं अंतर सगळ्यांना सारखंच दिसतं. माणसांच्या जगात ते सारखं नव्हतं. तुम्ही काढलेल्या प्रत्येक रस्त्याला हा प्रश्न विचारा: या रस्त्याने कोण, कशा अटीवर जाऊ शकत होतं?

पाचवी पायरी : माहेरांचा नकाशा

या विषयात नव्याने आलेल्याने एकच गोष्ट करायची असेल तर ही करावी. गावातल्या वयस्क बायकांना माहेर कुठलं ते विचारा. प्रत्येक माहेरापासून गावापर्यंत नकाशावर एक रेघ ओढा. मग त्याच घरांतल्या लेकी कुठे दिल्या, ते वेगळ्या रंगात काढा.

रेघांचा जो पसारा तयार होईल, तो म्हणजे गावाचं खरं सांस्कृतिक क्षेत्र. तालुक्याची सीमा तो पाळतोच असं नाही. घाट आडवा आला की रेघा कुठे थांबतात, जुन्या बाजाराच्या गावाकडे कशा झुकतात, नदीवर पूल झाल्यानंतरच्या पिढीत पलीकडे कशा जाऊ लागतात, हे पाहण्यासारखं असतं. भारताच्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच नोंदलं जातं. रॅव्हनस्टाइन या अभ्यासकाने १८८५ मध्ये स्थलांतराचे जे नियम मांडले, त्यांतही बहुतेक स्थलांतर जवळच्या अंतराचं असतं आणि जवळच्या अंतरावर बायका जास्त हलतात, असं निरीक्षण आहे. ओव्या, भाजी फोडणीला टाकायची रीत, बाळंतिणीचं खाणं, सणाची पद्धत हे सगळं याच रेघांवरून एका गावातून दुसऱ्या गावात गेलेलं असतं. संस्कृती पसरते म्हणजे नेमकं कोण पसरवतं, याचं उत्तर इथे नावागावासकट मिळतं.

आठवड्याच्या बाजाराचा नकाशाही असाच काढा: कोणत्या वारी, कुठल्या गावाला, काय विकायला, काय आणायला. इरावती कर्वे यांनी आठवडी बाजारांचा अभ्यास केला होता, तो याचसाठी. बाजारात माल बदलतो तशा बातम्या, सोयरिकी आणि शब्दही बदलतात.

सहावी पायरी : देव आणि यात्रांची दिनदर्शिका

मंदिरांची यादी नको. कोणत्या देवाला, कोणत्या महिन्यात, कुठून लोक येतात ते विचारा. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव माण तालुक्यातल्या कोरड्या डोंगरावर आहे. तिथे चैत्रात, ऐन उन्हाच्या तोंडाला, दूरदूरच्या गावांतून पाण्याच्या कावडी येतात. सासवडकडची मानाची कावड मुंगी घाटाच्या अवघड चढाने वर नेतात. पाणी टंचाईच्या मुलखात, टंचाईच्याच महिन्यात, खांद्यावरून पाणी वाहून देवाला घालणं, यातून लोकांच्या मनात पाण्याचं मोल काय आहे ते दिसतं. मांढरदेवीची काळूबाई आणि पालचा खंडोबा यांच्या मोठ्या यात्रा पौषात भरतात. अनेक गावांच्या ग्रामदैवतांच्या यात्रा चैत्र-वैशाखात असतात. रब्बी घरात आलेली असते आणि खरिपाची घाई अजून लागलेली नसते. मुंबई-पुण्याचे लोकही त्याच वेळी गावी येतात, आणि ज्यांची घरं वर्षभर बंद असतात ती उघडतात.

सातवी पायरी : गेलेली माणसं आणि आलेल्या वस्तू

गावातून कोण कुठे गेलं ते घरटी विचारा. जावळी-पाटणच्या डोंगरातले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, बाजारपेठेत गेले. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले. माथाडी कामगारांसाठीचा कायदा १९६९ चा. खटाव-माण आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीतले लोक मात्र सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात शिरले आणि देशभरच्या शहरांत पसरले. दोन्हीकडे गरज सारखीच, पण धंदा वेगळा. असं का झालं? कारण पहिला गेलेला माणूस पुतण्याला बोलावतो, पुतण्या मेहुण्याला. शहरात गावाच्या नावाची राहायची खोली होते, काम शिकवणारा ओळखीचा असतो. दुष्काळ माणसाला घराबाहेर ढकलतो, पण तो कुठे जाऊन पोचेल हे नातं ठरवतं.

सैन्याचंही असंच. सातारा तालुक्यातलं अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले. आणि काही स्थलांतरं लादलेली असतात. कोयना धरणाने उठवलेली गावं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत वसवली गेली. भातखाचरांतली काही माणसं कोरड्या मुलखात गेली. त्यांनी बरोबर काय नेलं, काय सोडावं लागलं, हा या भागातल्या अभ्यासासाठी फार मोठा आणि हळवा विषय आहे. तो घाईत हाताळू नका.

मग उलट बाजू पाहा: बाहेरून काय आलं? ‘अस्सल गावरान’ ताटापासून सुरुवात करा. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही भाकरीची धान्यं हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो हे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या काळापासून ते इकडे पसरले. हुलगा मात्र इथलाच. महाबळेश्वर हे थंड हवेचं ठाणं ब्रिटिशांनी १८२८ च्या सुमारास वसवलं, कैद्यांकडून तिथे भाजीपाल्याच्या बागा करून घेतल्या, त्यांत चिनी कैदीही होते. पाचगणीचे सिल्व्हर ओक मूळचे ऑस्ट्रेलियातले. ब्रिटिशांनी आणलेल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये महाबळेश्वरच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं. परकी वस्तू ‘आपली’ कधी होते? जेव्हा तिच्यावर घरं चालतात, तिच्या हंगामाप्रमाणे लग्नाच्या तारखा ठरतात, तेव्हा.

आठवी पायरी : आता स्वतःचाच सिद्धांत मोडून पाहा

इथवर आलात की एक मोह होतो: सगळं पावसाने ठरवलं! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन भूगोलज्ञ रॅट्झेल यांच्या प्रभावाखाली असा विचार जोरात होता. फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाश यांनी त्याला दुसरी बाजू दिली: निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, त्यांतून निवड माणूस करतो. अमेरिकेत कार्ल सॉअर यांनी १९२५ मध्ये भूदृश्य हे माणसाच्या हातून घडतं, असं मांडलं. ही नावं परीक्षेला येतात. पण कोण बरोबर, ते साताऱ्यातच तपासता येतं.

त्यासाठी आता फलटण. फलटणचा पाऊस माणसारखाच, पाचशेच्या आसपास. दोन्ही तालुके लागून. पण नीरेच्या खोऱ्यातलं भाटघरचं मोठं धरण १९२८ मध्ये पुरं झालं आणि नीरा उजव्या कालव्याचं पाणी फलटणच्या उत्तर भागात फिरलं. ऊस आला, साखर कारखाना आला. एका गावाचं तर नावच साखरवाडी पडलं. शेजारच्या माणात त्याच काळात चारा छावण्या, दुष्काळी कामं आणि स्थलांतर. आभाळ दोघांचं एकच होतं. कालव्याची रेघ कुठून न्यायची हा निर्णय उंचसखलपणाने काही प्रमाणात ठरवला आणि राज्यकर्त्यांनी बाकीचा. आज उरमोडी आणि जिहे-कठापूर सिंचन योजनांचं पाणी माण-खटावात पोचतं आहे, आणि तिथली पिकं डोळ्यांदेखत बदलत आहेत. पाच-दहा वर्षांच्या अंतराने दोनदा नोंदी करण्यासाठी याहून चांगली जागा महाराष्ट्रात फारशी नसेल.

पाण्याशिवायचीही कारणं शोधा. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं जन्मगाव खंडाळा तालुक्यातलं नायगाव. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. १९४३ पासून याच जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. यांतलं काहीही पर्जन्यमानाच्या नकाशावरून काढता येत नाही. शाळा कधी आली, वसतिगृह कुठे होतं, बचतगट कोणी चालवला, हा रकाना तुमच्या वहीत पिकांच्या रकान्याइतकाच रुंद ठेवा.

नववी पायरी : लोकांशी बोलताना

आधी ग्रामपंचायतीत किंवा शाळेत सांगून जा. पाच लोकांशी बोलणार असाल तर ते पाचही चावडीवरचे पुरुष नकोत. बायका दुपारी कामातून मोकळ्या होतात, मेंढपाळ संध्याकाळी वाड्यावर भेटतात, मुंबईकर यात्रेत भेटतात. ‘तुमची संस्कृती काय?’ असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर नसतं. ‘पाऊस लांबला तर आधी काय विकता?’, ‘पाहुणा आला तर काय करता?’, ‘तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचे?’ असं विचारा. कोणाची स्वतःची जमीन, जात आणि कर्ज यांबद्दल तो माणूस आपणहून बोलला तरच बोला, आणि नाव न लिहिता नोंद करा.

नकाशा तयार झाला की तो गावात परत न्या आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आठवडाभर लावून ठेवा, शेजारी पेन्सिल बांधून. लोक त्यावर चुका दुरुस्त करतील, विसरलेली विहीर दाखवतील, एखादी वाट खोडून नवी काढतील. या दुरुस्त्या तारखेसह वहीत उतरवा आणि मगच पक्की प्रत काढा.